'च्यायला'ची कुळकथा

(इंदिरानगर येथे झालेल्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी १९९६ची दहावी, 'ब' तुकडी. गेली बावीस वर्षं महाविद्यालयात मराठी शिकवते. संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, भाषेवर काहीतरी बोला. मराठीला अभिजात दर्जा मिळालाय, त्यावर बोललात तरी चालेल." मी म्हटलं, बोलते, पण विषय माझा मी निवडणार. विषय सांगितल्यावर पलीकडे जरा शांतता पसरली. मग हळूच आवाज आला, "ताई, स्टेजवर सगळे सर बसणार आहेत." मी म्हटलं, म्हणून तर. या शब्दासाठी मैदानाला सर्वांत जास्त फेऱ्या त्यांनीच मारायला लावल्या आहेत.

तर आजचा विषय आहे 'च्यायला'.

बघा, तुम्ही हसलात. व्यासपीठावरही दोघं जण हसले, मी पाहिलंय. एखादी खरोखर घाणेरडी शिवी मी माइकवर उच्चारली असती तर कुणी हसलं नसतं, सगळ्यांनी खाली माना घातल्या असत्या. म्हणजे ही शिवी आहे हे तुम्हांला माहीत आहे, आणि ती लागत नाही हेही माहीत आहे. शिवी आहे आणि लागत नाही, हे दोन्ही एकाच वेळी कसं काय खरं असतं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी व्याकरण. घाबरू नका, परीक्षा नाही. मूळ वाक्यांश 'त्याच्या आईला', आणि त्याच्या पुढे एक क्रियापद, जे मी म्हणणार नाही आणि तुम्हांला सांगायचीही गरज नाही. बोलण्याच्या ओघात आईची आय झाली. गावाकडे ती आधीपासून आयच होती. 'त्याच्या आयला' म्हणता म्हणता 'त्याच्यायला' झालं. मग तोंडावरचं 'त्या' गळालं आणि उरलं 'च्यायला'. त्यातलं 'च्या'सुद्धा काढून टाकलं की राहतं नुसतं 'आयला'.

आता या शब्दात शिल्लक काय राहिलं ते पाहा. 'च्या' हे षष्ठीच्या प्रत्ययाचं सामान्यरूप, मध्ये आय, शेवटी 'ला' हा प्रत्यय. कुणाची आई? सांगितलेलं नाही. आईला काय? तेही सांगितलेलं नाही. प्रत्यय हा शब्दाच्या शेपटीसारखा मागे असायचा, इथे शेपूटच पुढे आलं आहे आणि ज्याचं शेपूट तो गायब आहे. मूळ शिवीचं विष क्रियापदात होतं आणि नेम सर्वनामात होता. बोलून बोलून, झिजून झिजून नेमकी ही दोन्ही गळून पडली. म्हणून ती सौम्य झाली. ती देणारा माणूस सुसंस्कृत असतो म्हणून सौम्य झालेली नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर गळालेलं सर्वनाम परत जोडून बघा. गाडीचं टायर पंक्चर झालं आणि तुम्ही 'च्यायला' म्हणालात, तर कुणालाच राग येत नाही, कारण टायरला आई नसते. पण समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून, 'तुझ्या'वर जोर देऊन तेच म्हणा. 'तुझ्यायला' म्हटल्याबरोबर शर्टाची कॉलर धरली जाते. शब्द तोच, आई तीच, फरक फक्त बोट कुणाकडे दाखवलं याचा.

या शब्दाचा अभ्यास करायला इंदिरानगरइतकी चांगली जागा दुसरी नाही. संध्याकाळी सात वाजता मुंबई-आग्रा महामार्गाखालच्या आपल्या बोगद्यापाशी उभं राहावं. पुढे रिक्षा अडकलेली, मागे कंपनीची बस, मध्ये स्कूटरवर भाजीच्या पिशव्या. तिथे हा शब्द वैतागाचा असतो. तोच रथचक्र चौकात जुना मित्र अचानक भेटला की आनंदाचा होतो. 'च्यायला, तू?' क्रिकेट बघताना कौतुकाचा होतो. 'च्यायला, काय शॉट मारला!' पेट्रोलचं बिल बघून तो निराशेचा असतो, आणि घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का हे आठवेना की धास्तीचा. यातल्या एकाही ठिकाणी कुणाच्याही आईचा काही संबंध नाही. व्याकरणाच्या पुस्तकात याला केवलप्रयोगी अव्यय म्हणावं लागेल; अरेरे, वाहवा, अबब यांच्या ओळीत बसवावं लागेल. कोणत्याही पाठ्यपुस्तक मंडळाने अजून बसवलेलं नाही, हा भाग वेगळा.

शब्दाला गोतावळाही मोठा आहे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांमुळे आपल्या वर्गात खानदेशातली, कोकणातली, मराठवाड्यातली, विदर्भातली घरं एकत्र आली होती. त्यामुळे 'आयला' होतं तसं 'मायला' होतं, 'तिच्यायला' होतं, 'च्यामारी' होतं. कोकणातून आलेल्या घरांत 'आवशीचो घो' ऐकायला मिळायचा. मालवणीत आवस म्हणजे आई आणि घो म्हणजे नवरा. म्हणजे शब्दशः अर्थ घेतला तर 'आईचा नवरा', अर्थात बाप! यात वाईट काय आहे? तरी २०१० साली महेश मांजरेकरांच्या 'शिक्षणाच्या आयचा घो' या चित्रपटाच्या नावाला आक्षेप घेतला गेला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि त्याच नावाने चित्रपट लागला. अर्थ निरुपद्रवी असूनही ते लोकांना झोंबलं, कारण 'अमक्याच्या आईचा' एवढी सुरुवात झाली की मराठी कान पुढचं आपोआप भरून घेतो.

या भरून घेण्यावरच काही पळवाटा तयार झाल्या आहेत. 'आईच्या गावात' ही त्यातली एक. सुरुवात शिवीची, आणि जिथे घाव बसायचा तिथे एकदम एसटीचा थांबा. 'भेंडी' ही दुसरी. एका जड शिवीचा पहिला आवाज काढायचा आणि ऐन वेळी भाजीबाजारात शिरायचं. आणि सर्वांत सभ्य म्हणजे 'हात्तिच्या'. हा शब्द आजीसुद्धा नातवासमोर म्हणते, मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांतही छापतात. पण फोड करून बघा. 'हात्, तिच्या...' तिच्या काय? षष्ठी लटकत ठेवून वाक्य थांबलं आहे. हिंदीतल्या 'धत् तेरे की'ची तीच गत. 'च्यायला'मध्ये मालक गळाला आणि आई राहिली, 'हात्तिच्या'मध्ये आई गळाली. दोघी सख्ख्या बहिणी, एक घरात बसते आणि दुसरीला मैदानाला फेऱ्या मारायला लागतात.

आता थोडं इतिहासात जाऊ. आईवरून शिवी ही काही टीव्हीने किंवा मोबाइलने आणलेली नाही. शिलाहार आणि यादवांच्या काळात राजा जमीन दान द्यायचा आणि तसा दगड रोवायचा. दगडावर वरच्या बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान टिको. मध्ये दानाचा मजकूर. आणि खाली एक चित्र, गाढव आणि बाई यांचं. हे दान जो मोडेल त्याच्या आईची अशी गत होईल, असा त्याचा अर्थ. अशा दगडांना गद्धेगाळ म्हणतात. 'गाळ' म्हणजे शिवी. कोकणात आणि घाटावर ते अनेक ठिकाणी सापडले आहेत. मुंबईत परळला सापडलेला अपरादित्य शिलाहाराच्या काळातला बाराव्या शतकातला लेख तर फार बोलका आहे. त्यातला मुख्य मजकूर संस्कृतात आहे, आणि शेवटची शिवी तेवढी मराठीत. शं. गो. तुळपुळ्यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या ग्रंथात असे लेख अभ्यासायला मिळतात.

याचा विचार करा. राजाला दानाची भाषा म्हणून संस्कृत हवी होती, पण धाक घालायची वेळ आली तेव्हा मराठी लागली, कारण जमीन बळकावणाऱ्याला समजायला हवं ना! दगडावर कोरलेल्या जुन्यात जुन्या मराठी वाक्यांमध्ये एक वाक्य असं, कुणाच्या तरी आईबद्दलचं आहे. अभिजात भाषेच्या समारंभात हे कुणी सांगत नाही, म्हणून मी इथे सांगते.

मग प्रश्न येतो, आईच का? हा प्रश्न मला माझ्या सोळा वर्षांच्या मुलीने विचारला. ती म्हणाली, "आई, बाबांवरून का नाही गं शिवी?" मी तिला म्हटलं, बाप येतो की आपल्या भांडणात. 'तुझ्या बापाचा रस्ता आहे का?' 'बापाचं राज्य लागून गेलंय का?' 'तुझ्या बापाचं काय जातं?' तिने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे बाप आला की मालक म्हणून येतो, आणि आई आली की माल म्हणून." बावीस वर्षं मी भाषाशास्त्र शिकवते, पण इतक्या कमी शब्दांत मला हे कधी सांगता आलं नव्हतं. रस्ता बापाचा असतो, राज्य बापाचं असतं. आई ही घरची इज्जत, म्हणून शत्रूने हात घालायची जागा.

पण ही गोष्टीची एकच बाजू झाली. दुसरी अशी, की मराठी माणूस ठेच लागली तरी 'आई गं' म्हणतो, खरं पटवून द्यायचं असलं तरी 'आईशप्पथ' म्हणतो, आणि चिडला तरी 'आयला' म्हणतो. दुखलं तरी आई, वचन द्यायचं तरी आई, शिवी द्यायची तरी आई. संस्कृतात शप् असा एक धातू आहे. त्याच्यापासून शाप झाला आणि त्याच्याचपासून शपथ झाली. इंग्रजीतही शपथ घेणं आणि शिवी देणं यांना एकच क्रियापद आहे, 'स्वेअर'. माणसाला जे सर्वांत मोठं वाटतं त्याचीच तो शपथ घेतो, आणि राग आला की त्याच्यावरच घसरतो.

आपण बसलोय त्या शहराचंच उदाहरण घ्या. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात, १९३३ साली. मराठीतलं आईवरचं सर्वांत लाडकं पुस्तक इथे जन्माला आलं. त्याच भाषेत, त्याच शहरात, तीच आई बोगद्यातल्या गर्दीत दर मिनिटाला निघते. मला यात फार विरोध दिसत नाही. ज्या शब्दाला वजन नाही त्याची शिवी होतच नाही. 'च्याकाकाला' असं कुणी म्हणतं का?

इंग्रजांकडे हे वजन आईला नव्हतं, देवाला होतं. त्यामुळे त्यांच्या जुन्या शिव्या देवाधर्माच्या. 'डॅम' म्हणजे नरकात जा. 'ब्लायमी' म्हणजे देव मला आंधळं करो. त्यातला देव बोलून बोलून झिजला, जसं आपलं 'त्या' झिजलं. 'गॉश' हे गॉडचंच सोवळं रूप, म्हणजे त्यांचं 'हात्तिच्या'. १६०६ साली तिथल्या पार्लमेंटने कायदा केला की नाटकात देवाचं नाव थट्टेने घेतलं तर दहा पौंड दंड. त्या काळी ही मोठी रक्कम होती. नट गप्प बसले का? नाही. ते रोमन देवाचं, जोव्हचं, नाव घ्यायला लागले. दंड झाला की शिवी मरत नाही, कपडे बदलून येते.

इंग्रजीतल्या 'ब्लडी' या शब्दाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. ११ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' रंगमंचावर आलं. फुलं विकणारी गरीब मुलगी, तिला भाषेचे प्राध्यापक उच्चभ्रू बोलणं शिकवतात. ती चहाच्या बैठकीत उत्तम उच्चारात बोलते, आणि निघताना त्याच उत्तम उच्चारात 'ब्लडी' म्हणून जाते. त्या काळी रंगमंचावर हा शब्द म्हणजे भूकंप. प्रेक्षक कितीतरी वेळ हसत राहिले. पुढे तर लोक तो शब्द टाळून गमतीने त्या जागी 'पिग्मॅलियन' म्हणू लागले. हेच नाटक पु. ल. देशपांड्यांनी मराठीत 'ती फुलराणी' म्हणून आणलं, १९७५ साली. आपल्या स्नेहसंमेलनात तिचं स्वगत किती जणींनी म्हटलंय, हात वर करा. बघा! आज 'ब्लडी' इंग्लंडमध्ये कुणाच्याही तोंडी सहज येतो. शंभर वर्षांत तो त्यांचा 'च्यायला' झाला.

मैत्रिणींनो, आता आपल्याबद्दल. बायका शिव्या देत नाहीत असं एक समज आहे. तो पसरवणाऱ्याने पाण्याच्या टँकरची रांग पाहिलेली नसावी. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हात नाचवून, वाजतगाजत, एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. याला 'बोरीचा बार' म्हणतात. बघायला लांबून माणसं येतात. शिमग्याला पुरुषांना जी मोकळीक, ती इथे श्रावणात बायकांना.

पण रोजच्या बोलण्यातल्या बायकांच्या शिव्या ऐका. मेल्या. मुडद्या. तुझं तळपट होवो. तुझं वाटोळं होवो. बाई ज्याच्यावर चिडते त्यालाच मारते, सरळ. त्याच्या आईकडे, बहिणीकडे जात नाही. पुरुष चिडतो पुरुषावर, आणि घाव घालतो तिथे हजरही नसलेल्या बाईवर. 'मेल्या'सुद्धा पुढे मऊ झाला. 'मेल्या, किती वर्षांनी भेटलास!' हे आज सकाळपासून मी या आवारात चार वेळा ऐकलंय, आणि ज्याला म्हटलं तो प्रत्येक जण खूश होता.

इथपर्यंत सगळी गंमत होती. आता मला मुद्द्याचं बोलायचं आहे.

आपल्या लहानपणी, कुठल्याही शाळेत, वाईट शब्दांचा एक तक्ता ठरलेला असायचा. कागदावर नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. 'च्यायला' म्हटलं की शिक्षा. 'साला' म्हटलं की घरी चिठ्ठी. पण काही शब्द त्या तक्त्यात नव्हतेच. चष्मेवाल्याला 'आंधळ्या', पाय ओढत चालणाऱ्याला 'लंगड्या', हळू बोलणाऱ्या मुलाला 'बायल्या'. एखाद्याच्या आडनावावरून, वडिलांच्या कामावरून, जातीवरून पाडलेली नावं. ती नावं मधल्या सुट्टीत मोठ्याने हाका मारायला वापरली जात, आणि मोठी माणसंही हसत.

आणि एक शब्द होता, 'रांडेच्या'. गावाकडून आलेली म्हातारी माणसं तो प्रेमानेसुद्धा म्हणत. 'रांडेच्या, जेवलास का?' जुन्या मराठीत रांड म्हणजे विधवा. 'रंडकी' म्हणजेही विधवा. 'बोडकी' म्हणजे केशवपन केलेली विधवा. तीसुद्धा शिवीच झाली. नवरा मेला हा बाईचा गुन्हा, आणि तिच्या मुलाची ती ओळख. 'रांडेच्या' म्हणजे विधवेच्या पोरा.

आपल्याच काळात, आपल्याच वयाचा एक मुलगा माझ्या ओळखीचा होता. कोणती शाळा, कोण मुलगा, हे सांगणार नाही. त्याचे वडील कारखान्यातल्या अपघातात गेले होते. आई शिवणकाम करायची. मैदानावर कुणी सहज 'रांडेच्या, पास दे ना' म्हटलं की तो खेळ सोडून पाणी प्यायला जायचा. पाच मिनिटांनी परत यायचा. सगळ्यांना वाटायचं याला फार तहान लागते. खूप वर्षांनी, नाशिकरोड स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना, त्याने मला सांगितलं. म्हणाला, "'च्यायला' मला दिवसातून पन्नास वेळा म्हणायचे, त्याचं काही वाटायचं नाही. ती कुणाचीच आई नव्हती. पण दुसरा शब्द आला की ती माझीच आई असायची."

मी व्याकरणाने जे सांगायला पाऊण तास घेते ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. ज्या शिवीला पत्ता नाही ती सौम्य. जिला पत्ता आहे आणि जी बरोबर त्या पत्त्यावर पोचते, ती सौम्य नाही, मग शब्द कितीही साधा असो. आपला तक्ता उलटा टांगलेला होता. निनावी शिवीला शिक्षा होती आणि पत्त्यावर पोचणारीला हसू होतं.

कायदासुद्धा शिव्यांची यादी ठेवत नाही, हे तुम्हांला माहीत आहे का? आधी भारतीय दंड संहितेत कलम २९४ आणि ५०४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २९६ आणि ३५२ आहे. सार्वजनिक जागी अश्लील बोलण्याने लोकांना त्रास झाला का, मुद्दाम अपमान करून भांडण पेटवायचा हेतू होता का, हे विचारलं जातं. आणि १९८९चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा म्हणतो, चारचौघांत जातीच्या नावाने हिणवणं हा गुन्हा. तिथे शब्द घाणेरडा असायची गरजच नाही. साधं जातीचं नाव पुरतं. कायद्याला पत्ता कळला, आपल्याला कळायला वेळ लागला.

शेजारच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगते. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न हाच निघाला, "'च्यायला'चे किती?" सगळे हसले. मीही हसले. पण घरी जाताना विचार करत राहिले. १६०६च्या दहा पौंडांचं काय झालं ते मला माहीत आहे, त्यामुळे दंडाने शब्द संपतील असं मला वाटत नाही. तरी त्या गावाचं मला कौतुक वाटतं, कारण इंग्लंडच्या पार्लमेंटने देवाची बाजू घेतली होती, सौंदाळ्याने बाईची घेतली. भांडण तुमचं दोघांचं, त्यात घरी भाकरी थापणाऱ्या बाईला का ओढता, असा सरळ प्रश्न एका गावाने सभेत बसून विचारला. गद्धेगाळ दगडावर कोरल्या गेल्यानंतर इतक्या शतकांनी कुणीतरी त्या दगडावरच्या बाईच्या बाजूने बोललं.

मग 'च्यायला'चं काय करायचं? माझं मत विचाराल तर त्याला राहू द्या. टायरला, सर्व्हर डाउनला, कांद्याच्या भावाला, बोगद्याला लागतो तो. तो आता कुणाच्याही आईला ओळखत नाही. ज्या बायकांना तो ऐकवत नाही त्यांच्यासमोर म्हणू नका, कारण शब्द झिजला असला तरी कान सगळ्यांचे सारखे झिजलेले नसतात. माझी आई आजही तो ऐकून कपाळाला आठ्या घालते आणि तिला तो हक्क आहे.

पण मुलांच्या तोंडी दुसरे शब्द येतात तेव्हा कान उघडे ठेवू या. आज आपल्यापैकी बहुतेकांची मुलं आठवी-नववी-दहावीत आहेत. त्यांच्या भेंडीवर आणि च्यायलावर आपण लगेच ओरडतो. त्यांच्या ग्रुपवर कुणाच्या रंगावरून, वजनावरून, आडनावावरून, कुणाच्या आईवडिलांच्या घटस्फोटावरून नावं पडलेली असतात, ती आपल्याला गमतीची वाटतात, कारण त्यात एकही 'वाईट शब्द' नसतो. मुलांना शब्द चांगला की वाईट हे विचारू नका. हे कुणाला लागणार आहे, तो आत्ता इथे आहे का, आणि हे ऐकल्यावर तो पाणी प्यायला जातो का, एवढंच विचारा.

व्यासपीठावरच्या आपल्या सरांना आणि बाईंना एक विनंती आहे. आपल्यापैकी काही जण अजून शाळेच्या कामात आहेत. नववीच्या वर्गाला वर्षातून एक तास द्या. मराठीचा तास, शिक्षेचा नाही. मुलांना त्यांचे शब्द फळ्यावर लिहू द्या, त्यांची फोड करू द्या, प्रत्यय कुठे आहे, क्रियापद कुठे गेलं ते शोधू द्या. विभक्ती त्यांना जन्मात विसरायची नाही, याची मी हमी देते. आणि फोड करता करता एखादा मुलगा किंवा मुलगी कुठल्या शब्दापाशी गप्प होते, तेवढं तुम्ही बघा. तो तास घ्यायला मला बोलावलंत तर मी गाडीभाडंसुद्धा मागणार नाही.

  खाली जेवण तयार आहे असं मला खुणावलं जातंय.